तो ‘हो’ म्हणाला होता का?

“गेलेल्या माणसाला बाप करायचा अधिकार कुणाला असतो?” पिंट्याने हा प्रश्न टाकला आणि त्या संध्याकाळी कट्ट्यावर दुसरा विषय निघालाच नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२४ चा निकाल तो वाचून आला होता. तिशीतला अविवाहित मुलगा, कर्करोग, केमोने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते म्हणून ती सुरू होण्याआधी गोठवून ठेवलेलं वीर्य. २०२० मध्ये तो गेला. आईवडिलांनी नमुना मागितला, तर रुग्णालय म्हणालं, कायद्यात तशी तरतूदच नाही. चार वर्षांनी न्यायालयाने तो आईवडिलांना द्यायला सांगितला. त्याचा व्यापार करायचा नाही, अशी अट मात्र घातली.

“बरोबरच आहे,” अण्णा म्हणाले. “त्यांचाच मुलगा. दुसरं कोण मागणार?”

“अण्णा, मुलाचं घड्याळ मागणं वेगळं आणि हे वेगळं,” वकील म्हणाला. “घड्याळ वारसाहक्काने मिळतं. यातून माणूस जन्माला येतो.”

ताई एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या लॅबमध्ये काम करते. ती म्हणाली, “आधी तीन गोष्टी वेगळ्या करा, नाहीतर नुसते एकमेकांवर ओरडत बसाल. एक, माणसाने जिवंतपणी स्वतः येऊन नमुना ठेवलेला असतो. दोन, नवराबायकोने मिळून भ्रूण तयार करून ठेवलेले असतात, म्हणजे दोघांनी मूल हवं असं ठरवूनच पाऊल टाकलेलं असतं. तीन, माणूस कोमात असतो किंवा गेलेला असतो आणि डॉक्टर त्याच्या शरीरातून शुक्राणू काढतात. तिसऱ्यात त्याने काहीच केलेलं नसतं. त्याच्यावर केलं जातं.”

“आणि ते किती वेळात करावं लागतं?” पिंट्याने विचारलं.

“साधारण दीड दिवस धरतात. मृतदेह थंड जागी असेल तर क्वचित त्याहून जास्त. एकदा नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गेला की मग घाई नाही, वर्षानुवर्षं राहतो. पण त्या दीड दिवसात निर्णय कोण घेतं ते बघ. जिला नवरा गेल्याचं कळून काही तास झालेत ती बाई. तिला धड रडायलाही झालेलं नसतं, नातेवाइकांचे फोन चालू असतात, आणि तिच्यापुढे सही करायला कागद येतो.”

मास्तर इतिहास शिकवतात, त्यामुळे त्यांच्याकडे या विषयाचाही इतिहास होता. १८६६ मध्येच इटलीतल्या पाओलो मांतेगाझ्झा नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं होतं की रणांगणावर जाणाऱ्या सैनिकाचं वीर्य गोठवता आलं, तर तो मेल्यावरही त्याच्या पत्नीला त्याचा कायदेशीर वारस जन्माला घालता येईल. गोठवलेल्या वीर्यापासून गर्भ राहिल्याचं जाहीर व्हायला १९५३ उजाडलं. मृत माणसाच्या शरीरातून शुक्राणू काढल्याची पहिली नोंद १९८० ची, अमेरिकेतली. “म्हणजे तंत्र हातात यायच्या ऐंशीहून जास्त वर्षं आधी त्याचा उपयोग सुचला,” मास्तर म्हणाले, “आणि सुचला तो वारसासाठी. बाईला मूल हवंय म्हणून नाही. मला खटकतं ते हे.”

वकिलाने मग इंग्लंडच्या डायान ब्लड नावाच्या बाईचा खटला काढला. हे प्रकरण माहीत नसेल तर या वादातलं निम्मं कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९९५ मध्ये तिच्या नवऱ्याला मेंदूज्वर झाला. दोघं मुलासाठी प्रयत्न करत होते. तो कोमात असताना तिच्या सांगण्यावरून डॉक्टरांनी नमुना घेतला, आणि तो गेला. तिथल्या कायद्याला नवऱ्याची लेखी संमती हवी होती. कोमातला माणूस सही कुठून करणार? नियामक संस्थेने नकार दिला. दोन वर्षं कोर्टात गेली. फेब्रुवारी १९९७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की इंग्लंडमध्ये उपचार करता येणार नाहीत, पण युरोपातल्या दुसऱ्या देशात जाऊन उपचार घेण्याचा तिचा हक्क लक्षात घ्यायला हवा. ती बेल्जियमला गेली. पहिला मुलगा १९९८ मध्ये झाला, दुसरा २००२ मध्ये.

“तिचा एक मुद्दा मला आजही तोडता येत नाही,” वकील म्हणाला. “अनोळखी दात्याचं वीर्य घेऊन तिला इंग्लंडमध्येच मूल होऊ शकलं असतं. कुणी अडवलं नसतं. अडवलं ते फक्त नवऱ्याच्या बाबतीत.”

“मग अडवणं चूक होतं,” पिंट्या म्हणाला.

“दात्याने ‘माझं वीर्य वापरा’ असं लिहून दिलेलं असतं. नवऱ्याने दिलेलं नव्हतं.”

“अरे पण नवरा होता ना तो! मूल हवं म्हणून प्रयत्न करत होता!”

“जिवंतपणी बाप व्हायला. मांडीवर घ्यायला.”

इथे दोघंही थांबले, आणि मला वाटतं पूर्ण वादाची गाठ इथेच आहे. मूल हवं असणं आणि आपण नसताना आपलं मूल जन्मावं असं वाटणं, या दोन वेगळ्या इच्छा आहेत. एखाद्याच्या दोन्ही असतील. एखाद्याची फक्त पहिली असेल. दुसरी होती की नाही, हे त्याने सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि तो तर गेला. मी हे तेव्हाच बोललो आणि अजूनही माझं मत तेच आहे: नमुना ठेवायला दिलेला होकार हा मरणोत्तर बाप होण्याचा होकार नव्हे. केमोच्या आदल्या दिवशी जो माणूस नमुना देतो, तो जगण्याच्या आशेने देतो. त्याला बरं व्हायचं असतं.

फ्रान्समध्ये १९८४ ला नेमकं हेच झालं होतं. वृषणाच्या कर्करोगाच्या उपचारांआधी एका तरुणाने नमुना ठेवला आणि पुढे काय करायचं याबद्दल काहीच सांगितलं नाही. मृत्यूच्या दोन दिवस आधी त्याने प्रेयसीशी लग्न केलं. नमुना कुणाचा यावर खटला चालला, न्यायालयाने तो तिच्या डॉक्टरकडे सोपवायला लावला, पण गर्भ काही राहिला नाही. पुढे १९९४ च्या कायद्याने फ्रान्सने हा प्रकारच बंद केला. २०२१ मध्ये तिथे एकट्या बाईलाही दात्याच्या वीर्याने मूल होऊ द्यायला परवानगी मिळाली, तरी ही बंदी कायम राहिली. म्हणजे आज फ्रान्समधली विधवा एकटीने अनोळखी माणसाचं मूल वाढवू शकते, नवऱ्याचं नाही, त्याने लिहून दिलेलं असलं तरी नाही. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २०२३ मध्ये ही बंदी चालू ठेवू दिली, पण २०२१ नंतर हे कितपत सुसंगत राहिलं, हा प्रश्नही काढला. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं. ज्याने विचार करून ‘हो’ लिहिलंय, त्याच्या शब्दाला किंमत नाही आणि परक्याच्या शब्दाला आहे, याचं समर्थन मला तरी कुणी करून दाखवलेलं नाही.

मास्तरांनी मुलाची बाजू लावून धरली. “तुम्ही सगळे नवरा, बायको, आईबाप यांच्याबद्दल बोलताय. जे जन्माला येणार त्याला कोण विचारतंय? बाप मरणं हे दुर्दैव आहे. पण बाप नाही हे माहीत असून मूल आणणं हा निर्णय आहे.”

“मास्तर, एकट्या बायका मुलं वाढवतातच की,” ताई म्हणाली. “गरोदर असताना नवरा गेलेल्या बायकांची मुलं वाढलीच ना? त्या मुलांना काय लागतं हे आपल्याला ठाऊक आहे. प्रेम, स्थैर्य आणि खरं सांगणारी आई. ते असेल तर बापाचा मृत्यू आधी झाला की नंतर, याने मुलाचं काय बिघडतं?”

“बिघडतं ते अपेक्षेने. त्या मुलाकडे सगळे गेलेल्याचं रूप म्हणून बघणार. डोळे त्याचेच, चालणं त्याचंच. पोराला स्वतःसारखं व्हायला जागा कुठे राहणार?”

ताईकडे याला उत्तर नव्हतं आणि ते तिने मान्यही केलं. पण तिने एक भेद दाखवला, तो मला पटला. दोघांनी मिळून मूल ठरवलं असेल आणि एक जण मध्येच गेला, तर राहिलेली व्यक्ती अर्धं राहिलेलं काम पुढे नेते. ते मूल त्यांच्या संसारातलं असतं. गेलेल्या माणसाची जागा भरायला म्हणून मूल आणलं, तर त्याच्या पाळण्यातच ओझं ठेवल्यासारखं होतं. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. आत काय आहे हे शोधायला नियम पुरत नाहीत, माणसाशी बसून बोलावं लागतं.

मुलाचं खरं नुकसान कधीकधी कायदाच करतो, हे वकिलाने सांगितलं तेव्हा मास्तरही गप्प झाले. डायान ब्लडच्या मुलांच्या जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव लावायला परवानगी नव्हती. त्यासाठी २००३ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवलं की बाप गेल्यावर गोठवलेल्या वीर्यापासून जन्मलेलं मूल कायद्याने त्या बापाचं नाही. अमेरिकेत बापाच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने जुळी मुलं झाली. आईने मुलांसाठी सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेतला वारस-लाभ मागितला, तर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण बाप राहत होता त्या राज्याच्या वारसा कायद्यात ही मुलं बसत नव्हती. “जन्मू द्यायचं आणि मग बाप नाकारायचा,” वकील म्हणाला. “त्यापेक्षा जर्मनीसारखं आधीच सांगा की मृत माणसाचं वीर्य जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. मला ते पटत नाही, पण निदान पोराच्या वाट्याला काही जात नाही.”

अण्णा इतका वेळ ऐकत होते. ते पुन्हा आईबापांवर आले. “तुम्ही बायकोचं बोलताय. ज्यांचा एकुलता एक गेला त्यांचं काय? नातवंड दिसलं तर त्यांचं म्हातारपण निभेल. त्यांनी कुणाचं काय वाईट केलं?”

कुणाचंही नाही. अण्णांच्या आवाजात जे होतं, त्यापुढे युक्तिवाद करायला जीव धजत नव्हता. तरी ताईने केला, आणि हळुवारपणे केला. तिने चीनमधल्या एका जोडप्याचं सांगितलं. २०१३ मध्ये दोघंही अपघातात गेले. मागे चार गोठवलेले भ्रूण. दोघांच्या आईवडिलांनी, म्हणजे चौघा म्हाताऱ्यांनी, कोर्टातून ते भ्रूण मिळवले. चीनमध्ये सरोगसी, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात मूल वाढवणं, चालत नाही म्हणून लाओसपर्यंत गेले. डिसेंबर २०१७ मध्ये मुलगा झाला, आणि मग तो आपलाच नातू आहे हे सिद्ध करायला चौघांनी रक्ताचे नमुने दिले, कारण डीएनए जुळवायला त्या बाळाचे आईबाप दोघंही नव्हते.

“आणि मूल झालं ना?” अण्णा म्हणाले.

“झालं. ते वीस वर्षांचं होईल तेव्हा त्याच्यामागे कोण असेल, अण्णा?”

मग विचित्रवीर्याची गोष्ट निघणं अटळ होतं. तो निपुत्रिक गेला आणि सत्यवतीला वंश हवा होता. तिने व्यासांना बोलावलं, सुनांकडे पाठवलं. अंबिकेने भीतीने डोळे मिटून घेतले, अंबालिका पांढरी पडली. मास्तर म्हणाले, या गोष्टीत आपण धृतराष्ट्र आंधळा का जन्मला आणि पंडू पांढुरका का जन्मला एवढंच लक्षात ठेवतो. सुनांना काय वाटलं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच समजून घ्यावं लागतं, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आज प्रयोगशाळा मध्ये आली आहे, पण सासूसासऱ्यांनी विधवा सुनेला “एवढं कर, त्याची आठवण राहील” म्हणणं कुठे गेलंय? ती ‘नाही’ म्हणाली तर त्या घरात तिला काय ऐकावं लागेल?

इस्रायलमध्ये हे उघडपणे कोर्टात आलं. तिथल्या महाधिवक्त्यांच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांनी हक्क जोडीदाराला दिला, आईवडिलांना नाही. तरी २००७ मध्ये एका सैनिकाच्या आईवडिलांना कोर्टाने परवानगी दिली. तो २००२ मध्ये मारला गेला होता, अविवाहित होता. त्याचं मूल वाढवायला तयार असलेली एक स्त्री त्यांनी शोधली आणि २०१३ मध्ये मुलगी झाली. दुसऱ्या एका प्रकरणात मृत अधिकाऱ्याच्या आईवडिलांना नातवंड हवं होतं आणि त्याच्या विधवेचा विरोध होता. सर्वोच्च न्यायालय विधवेच्या बाजूने उभं राहिलं. ऑक्टोबर २०२३ नंतर तर तिथे मृत सैनिकांच्या आईवडिलांना नमुना काढून ठेवण्यापुरती वाट आणखी मोकळी केली गेली.

मी अण्णांना एवढंच म्हटलं की आजीआजोबा होण्याची आस मोठी आहे, पण ती हक्क होत नाही. आपला मुलगा जिवंत असता आणि त्याने “मला मूल नको” म्हटलं असतं, तर आपण रडलो असतो, भांडलो असतो, पण त्याच्याकडून मूल काढून घेऊ शकलो नसतो. मग तो गेल्यावर तो अधिकार आपल्याकडे कसा येतो? अण्णा म्हणाले, “जिवंत असता तर समजूत घातली असती.” यावर मी काही बोललो नाही, पण माझं मत बदललं नाही.

पिंट्याने मोबाइलवर मुंबईचं प्रकरण काढलं. अविवाहित तरुण, कर्करोग, गोठवलेला नमुना. पण इथे त्याने फॉर्मवर लिहून दिलं होतं की माझा मृत्यू झाला तर नमुना नष्ट करा. तो गेल्यावर आईने कोर्ट गाठलं. त्याने घरी न विचारता हे लिहिलं, असं तिचं म्हणणं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत नमुना जपून ठेवायला सांगितलं.

“आता बोला,” पिंट्या म्हणाला.

“लिहिलंय ना नको म्हणून,” वकील म्हणाला. “संपलं.”

“संपलं कसं?” ताई म्हणाली. “तो फॉर्म कसा भरला जातो हे तू बघितलं नाहीस. पेशंटला दोनचार दिवसांत केमो सुरू करायचीय. हातात सलाइनची सुई, पुढ्यात कागदांचा गठ्ठा. त्यात एका पानावर दोनतीन चौकटी असतात: मृत्यू झाल्यास नष्ट करा, जोडीदाराला द्या, वगैरे. समोरचा माणूस बोट ठेवून सांगतो, इथे टिक करा, इथे सही. पंचविशीतल्या पोराला ‘तू मेल्यावर’ हा शब्द उच्चारायला आमच्यातल्यांनाही जमत नाही, म्हणून आम्ही भराभर पुढे जातो. त्या टिकला तू त्याची अंतिम इच्छा म्हणतोस?”

“मग काय, टिक आवडली तर पाळायची, नाही आवडली तर विसरायची?”

दोघंही खरं बोलत होते. माझा कल वकिलाकडे आहे. होकार नीट विचारला गेला नसेल तर तो होकार धरू नये, आणि नकार घाईत दिलेला असला तरी तो नकारच धरावा. चुकून नमुना नष्ट झाला तर एक शक्यता जाते. चुकून वापरला गेला तर एका माणसाला त्याच्या मनाविरुद्ध बाप केलं जातं, आणि ते परत फिरवता येत नाही, कारण तोवर एक जितंजागतं मूल मध्ये आलेलं असतं.

पण ताईच्या बोलण्यातला राग योग्य जागी होता, आणि त्याला पुरावा म्हणावा असं एक प्रकरण इंग्लंडमध्येच घडलंय. जुळी पोटात असताना एक बाई २०१९ मध्ये वारली. दोघांच्या आयव्हीएफमधला, म्हणजे टेस्ट ट्यूब उपचारांतला, एक भ्रूण शिल्लक होता आणि नवऱ्याला सरोगेटच्या मदतीने ते मूल हवं होतं. पुन्हा तेच, लेखी संमती नाही. कोर्टाने फॉर्म मागवून बघितला, तर आपल्या मृत्यूनंतर सरोगसीसाठी भ्रूण वापरावा असं म्हणायला बाईला त्यावर नीट जागाच नव्हती. जून २०२२ मध्ये न्यायाधीशांनी नवऱ्याला परवानगी दिली. तिला विचारलं असतं तर ती ‘हो’ म्हणाली असती, हे पुराव्यावरून दिसतंय. विचारलंच नाही, हा दोष तिचा नाही.

“म्हणजे बाई मेल्यावर आई होऊ इच्छील, हे फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं,” ताई म्हणाली. “आणि इथे आणखी एक शरीर लागतं, हेही विसरू नका. नवरा गेला तर बायको स्वतः गरोदर राहते. बायको गेली तर तिसऱ्या बाईने नऊ महिने काढायचे.”

मुदतीवर मात्र फारसा वाद झाला नाही. बेल्जियममध्ये मृत्यूनंतर सहा महिने थांबावं लागतं आणि दोन वर्षांच्या आत तो वापरावा लागतो. स्पेनमध्ये संमती असेल तर वर्षभराची मर्यादा आहे. थांबायला लावणं सगळ्यांना पटलं. ताईने सांगितलं की दुःखाच्या भरात नमुना काढून ठेवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी पुढे तो वापरायला येतच नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना कुणी जाब विचारू नये. शेवटची मुदत मात्र वकिलाला नको होती. “दोन वर्षं आणि एक दिवस झाला म्हणून कुणाचं दुःख शिळं होतं का?” त्याचं हे म्हणणं मला मान्य आहे.

शेवटी पिंट्या म्हणाला, “समजा मलाच असा फॉर्म भरायची वेळ आली, तर काय लिहू?”

वकील म्हणाला, “नुसती टिक करू नको. वापरायचा की नाही, कुणी वापरायचा तिचं नाव, आणि आईबाबांना द्यायचा का, हे तीनही स्वतःच्या हाताने लिही. बायको असेल तर तिला शेजारी बसवून लिही. आणि एक प्रत घरी ठेव, म्हणजे उद्या कुणी म्हणणार नाही की आम्हाला ठाऊक नव्हतं.”

“आणि ‘तिला वाटेल ते करू द्या’ असं लिहिलं तर?”

“तर तो होकार आहे,” ताई म्हणाली. “पण फक्त तिच्यासाठी. तिने नको म्हटलं, तर तुझ्या आईने तो कागद घेऊन कोर्टात जाता कामा नये. तेही लिहून ठेव.”

अण्णा म्हणाले, “आईला निदान विचारा तरी.”

“लिहायच्या आधी विचारतो,” पिंट्या म्हणाला. “नंतर नाही.”